रबर निर्दोष होतं: सोलापुरातल्या एका एमजीबीच्या बुशांचं प्रकरण

गाडी 1971 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या छताची दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार. क्रोम बंपर, तारांची चाकं, उजव्या हाताचं स्टिअरिंग. मालकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून इथेही अण्णाच. दुसऱ्या शहरातल्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी गाडीच्या पुढच्या-मागच्या सस्पेन्शनचे सगळे बुश, म्हणजे सांध्यांच्या भोकात बसणारे नळीसारखे तुकडे, नवीन रबरी टाकून घेतले होते. त्यानंतर गाडी जेमतेम तीन हजार किलोमीटर चालली असेल. तेवढ्यात स्पीडब्रेकरवर पुढून ठक्‌ठक्‌ सुरू झाली, जोरात ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढायला लागली, आणि पुणे रोडवर ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग सारखं हातात धरून ठेवावं लागायचं. तेव्हा ती माझ्या गॅरेजमध्ये आली.

अण्णांचा निकाल ठरलेला होता. "रबर आपल्या उन्हात टिकत नाही. सगळीकडे पॉलियुरेथेन टाकून मोकळे होऊ." त्यांच्या मागांचे सुटे भाग करून देणारा लेथवाला तर पॉलियुरेथेनचा (रबरासारख्याच पण त्याहून कडक प्लॅस्टिकचा) रॉड आणून हवे तेवढे बुश कातून द्यायला तयार होता. त्यामुळे प्रश्न 'कोणता बुश' असा दिसत असला तरी आधी उत्तर हवं होतं ते 'आधीचे बुश का गेले' याचं. ते न शोधता मटेरियल बदललं असतं, तर नव्या मटेरियलचीही तीच गत झाली असती.

गाडीची ठेवण

ही गाडी इंग्लंडमध्ये अॅबिंग्डनला 1962 ते 1980 या काळात बनली, पाच लाखांहून जास्त. तिचे भाग आजही सहज मिळतात ते त्यामुळेच. पुढे दोन्ही बाजूंना कॉइल स्प्रिंग आहे. लोअर आर्म म्हणजे दोन सुट्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये बोल्टने बसवलेली स्प्रिंगची ताटली. वरचा आर्म वेगळा नाहीच. जुन्या पद्धतीच्या लिव्हर शॉकअबचा (शॉक अॅब्सॉर्बरचा) हातच वरच्या आर्मचं काम करतो. मधे किंगपिन, म्हणजे चाक ज्याभोवती वळतं तो उभा दांडा. मागे सरळ अॅक्सल आणि कमानपाटे, म्हणजे जीप-ट्रकसारखीच व्यवस्था, फक्त नाजूक. मागेही लिव्हर शॉकअबच.

आता रबर कुठे कुठे आहे ते बघू. लोअर आर्मची प्रत्येक पट्टी आतल्या टोकाला क्रॉसमेंबरवरच्या (पुढच्या आडव्या तुळईवरच्या) पिव्होटवर, म्हणजे दांड्यावर, फिरते, तिथे बुश. शॉकअबच्या हाताच्या बाहेरच्या टोकाला, किंगपिनच्या वर, दोन छोटे बुश. अँटिरोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारा दांडा) असेल तर त्याचे बुश. या रोडस्टरला बार होता. मागे पाट्याच्या पुढच्या डोळ्यात एक जाड बुश, मागच्या शॅकलमध्ये (पाट्याचं टोक झुलतं ठेवणाऱ्या कडीत) अर्धे-अर्धे बुश, पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये रबरी पॅड, आणि शॉकअबच्या लिंकमध्ये आणखी थोडं रबर. किंगपिनचं खालचं टोक मात्र धातूच्या बुशवर फिरतं. तिथे निपलमधून ग्रीस मारायचं असतं. रबर आणि धातूच्या या जागांची गल्लत फार होते. जिथे ग्रीस हवं तिथे कोणी मारत नाही आणि रबराला मात्र हौसेने फासतात.

तपासणी

डावीकडे ओढण्याचं कारण ब्रेकमध्येही असू शकतं, म्हणून आधी कॅलिपर बघितले. दोन्ही बाजूंचे पिस्टन मोकळे होते, पॅड सारखेच झिजलेले. मग चाक उचलून वर-खाली धरून हलवलं. थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागला. अशा वेळी एकाने ब्रेक दाबून धरायचा आणि दुसऱ्याने परत चाक हलवायचं. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर बेअरिंग सैल आहे, राहिला तर किंगपिन. इथे ब्रेक दाबल्यावर प्ले गेला. बेअरिंग जुळवून घेतल्यावर ती बाजू निकाली निघाली.

मग खड्ड्यात उतरून लोअर आर्मच्या आतल्या टोकाला टॉमी (पहार) लावली. डाव्या बाजूची पुढची पट्टी पिव्होटवर चक्क मागे-पुढे सरकत होती. उजवीकडे तेवढं नव्हतं. म्हणजे ब्रेक लागला की डावं चाक मागे ढकललं जायचं आणि गाडी त्या अंगाला जायची. ठक्‌ठकही तिथूनच येत होती.

इथवर सगळं सरळ होतं. पण एक गोष्ट मला खटकली. गाडीचं नाक वर होतं, आणि उजवीकडून जरा जास्तच. अण्णांना सांगण्यात आलं होतं की नवीन रबर आहे, बसेल हळूहळू. स्प्रिंग बदलल्या नव्हत्या. मग बुश बदलल्याने गाडी उंच का व्हावी?

याचं उत्तर मिळवायला काही खोलावं लागत नाही. गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर उभी ठेवली. चाकाच्या मध्यापासून वरच्या क्रोम पट्टीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून खडूने लिहून ठेवलं. मग पिव्होटच्या नटांच्या स्प्लिट पिना काढून नट नुसते सैल केले आणि बंपर दोन-चार वेळा दाबून सोडला. उजवी बाजू आठ-नऊ मिलिमीटर खाली बसली. डावी जवळपास होती तिथेच राहिली.

नट सैल करताच गाडी खाली बसते याचा अर्थ तोवर बुश स्वतः स्प्रिंगसारखे गाडीला वर ढकलत होते. म्हणजे ते घट्ट केले तेव्हा गाडी जॅकवर होती आणि चाकं लोंबत होती. रबरी बुश सरकत नाही. नट आवळला की तो दोन्हीकडून पकडला जातो, आणि आर्म वर-खाली झाला की रबरच पिळलं जातं. पीळ दोन्ही दिशांना सारखा वाटला जावा यासाठी गाडी आपल्या नेहमीच्या उंचीवर असताना नट आवळायचे असतात. आर्म लोंबत असताना आवळले तर गाडी जमिनीवर ठेवताक्षणीच रबराला पीळ बसतो. पाव मीटर लांबीचा आर्म टोकाला 75 मिलिमीटर खाली लोंबत असेल, तर तो कोन सुमारे 17 अंशांचा होतो. गाडी नुसती शेडमध्ये उभी असली तरी बुश रात्रंदिवस तेवढा पिळलेला. त्यावर खड्डा आला की पीळ आणखी वाढतो. टॉवेल पिळून तसाच गाठ मारून दोरीवर टाकावा, तशी त्या रबराची अवस्था.

मग डावी बाजू खाली का बसली नाही? कारण तिथलं रबर पिळून पिळून आधीच हरलं होतं. बुश बाहेर काढल्यावर ते दिसलंच. या गाडीचा मूळ बुश दोन तुकड्यांचा असतो. टोपीसारखी कड असलेले दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंनी डोळ्यात घालायचे आणि नटाने दाबायचे. डाव्या पुढच्या बुशची कड एका बाजूने फाटून बाहेर आली होती. आतलं भोक अंडाकृती झालं होतं, आणि पिव्होटवर काळी भुकटी साचली होती, बोटाला काजळासारखी लागणारी. त्या भुकटीत बारीक रेतीही होती. एकदा रबराची पकड सुटली की ते पिव्होटवर घासायला लागतं, त्यात आपली धूळ शिरते, आणि पुढचं काम पॉलिश पेपरसारखं होतं. पिव्होटला बोटाच्या नखाला लागेल एवढी पायरी पडली होती. उजवीकडचे बुश अजून शाबूत होते, पण कडेजवळ तिरप्या भेगा दिसत होत्या, सगळ्या एकाच दिशेच्या. उन्हाने तडकलेल्या रबरावर भेगांचं जाळं सगळीकडे सारखं पसरतं. पिळाच्या भेगांना दिशा असते.

सोलापूरचं ऊन कमी नाही. मे महिन्यात पारा 42-43 ला जातो आणि उभ्या गाडीचं बॉनेट हात लावण्यासारखं राहत नाही. पण गाडीखालच्या बुशवर ऊन पडत नाही, आणि चांगल्या रबराला ही उष्णता सहज झेपते. इथल्या रस्त्यांचा वाटा त्यापेक्षा मोठा म्हणेन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि वरचा डांबरी रस्ता लाटांसारखा होतो. होटगी रोड असो की अक्कलकोट रोड, लोअर आर्म एक क्षण स्वस्थ नसतो. नीट बसवलेला बुश हे वर्षानुवर्षं सोसतो. आधीच पिळलेला बुश किती सोसणार?

मागचं वेगळं दुखणं

मागचं रबरही गेलं होतं, पण फाटून नव्हे, फुगून. शॅकलचे बुश कडेने बाहेर आले होते, मऊ, चिकट, नखाने ओरखडा काढला तर खरडून येणारे. वासावरूनच कळलं. अण्णांचा ड्रायव्हर दर महिन्याला गाडी सर्व्हिस स्टेशनला धुवायला नेतो, आणि तिथे धुऊन झाल्यावर खालून जळक्या ऑइलचा आणि डिझेलचा फवारा मारतात. पाटे कुरकुरत नाहीत, गंज धरत नाही, म्हणून उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीपासून जीपपर्यंत सगळ्यांना हा उपचार होतो. पाट्याच्या लोखंडाला तो चालतो. नैसर्गिक रबराला खनिज तेल चालत नाही. ते तेल पितं, फुगतं आणि त्याची ताकद जाते. ड्रायव्हरच्या दृष्टीने तो गाडीची सेवाच करत होता.

म्हणजे एकाच गाडीवर दोन स्वतंत्र कारणं: पुढे चुकीच्या स्थितीत आवळलेले नट, मागे तेल. अण्णांनी दोन्हींचा दोष रबरावर टाकला होता.

निवड: जागा बघून

पॉलियुरेथेनबद्दल माझं मत वाईट नाही. कारखान्यातून निघालेल्या गाड्यांच्या बुशांचं रबर साधारण 50 ते 70 शोअर ए (हे रबराच्या कडकपणाचं माप) असतं. बाजारातले पॉलियुरेथेन बुश बहुतेक 80 ते 95 च्या दरम्यान. ते तेलाला रबरापेक्षा कितीतरी चांगलं तोंड देतात आणि दाबाखाली कमी चेपतात. पण त्यांच्यातला मुख्य फरक कडकपणाचा नाही. रबरी बुश पिळून हालचाल करू देतो, पॉलियुरेथेनचा बुश आतल्या नळीवर फिरून. जिथे फिरणं आलं तिथे घासणं आलं. मग वंगण हवं, धूळ नको, आणि नळीचा पृष्ठभाग गुळगुळीत हवा. शिवाय रबर चहूबाजूंनी थोडं थोडं देतं. पॉलियुरेथेन एकाच अक्षाभोवती फिरायला राजी असतं. आर्मला किंवा पाट्याला तिरकं व्हायचं असेल तर ते आडमुठेपणा करतं.

म्हणून प्रत्येक जागेला दोन प्रश्न विचारले. इथे हालचाल कोणती होते? आणि इथे देखभाल खरोखर कोण करणार?

लोअर आर्मच्या आतल्या टोकाला सर्वात जास्त वेळ दिला. ब्रेकचा, वळणाचा, खड्ड्याचा सगळा भार इथे येतो आणि कोनही मोठा असतो. मूळ दोन तुकड्यांचा बुश ही या गाडीची जुनीच कमजोर जागा. कारखान्यालाही ती कळली असावी, कारण 1973 ते 1976 मध्ये याच गाडीची साडेतीन लिटरच्या व्ही-एट इंजिनची जी आवृत्ती निघाली, तिच्यात या जागी आत पोलादी नळी असलेला एकसंध रबरी बुश दिला. तो साध्या एमजीबीच्या पट्टीतही बसतो. दोन्ही बाजूंचे मिळून चार लागतात. नट आवळला की आतली नळी घट्ट पकडली जाते, सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते, पिव्होटवर काहीच घासत नाही, म्हणून धुळीला करण्यासारखं काम उरत नाही. ग्रीसही नको. घासलेला डावा पिव्होट बदलला आणि चारही जागी हेच बुश टाकायचं ठरवलं. इथे पॉलियुरेथेन चाललं नसतं असं नाही. रेसिंगवाले तर नायलॉनही वापरतात. पण मग दर पावसाळ्यानंतर आर्म खोलून धूळ पुसून नवीन ग्रीस भरणारा माणूस हवा. अण्णांना गाडी रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेरी मारायला हवी असते, खोलायला नव्हे.

शॉकअबच्या टोकाच्या छोट्या बुशांना रबर फारच थोडं मिळतं. जागा चिंचोळी. तिथे पॉलियुरेथेन घेतलं. अँटिरोल बारच्या क्रॉसमेंबरजवळच्या बुशांनाही तेच. बार तिथे नुसता फिरतो, आणि तिथलं रबर जितकं चेपेल तितकी वळणावर बारची मदत उशिरा मिळते. कमी खर्चात जाणवेल असा फरक हवा असेल तर तो इथे मिळतो.

पाट्याच्या पुढच्या डोळ्यात मात्र सायलेंट ब्लॉक, म्हणजे पोलादी नळ्यांमध्ये पक्कं बसवलेलं रबर, रबरीच. मागच्या अॅक्सलला पुढे-मागे धरून ठेवणारी हीच जागा. गाडी वळणावर कलली की पाटा स्वतःच थोडा पिळतो, तेव्हा डोळ्याला तिरकं होण्याची मुभा लागते. कडक बुश टाकला की ती मुभा जाते, आणि मागची बाजू लहान खड्ड्यावरही उडी मारायला लागते.

शॅकलचा निर्णय तांत्रिक कमी आणि माणसांवरचा जास्त. मन मात्र रबराच्या बाजूने होतं. अण्णांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "फवारा बंद म्हणजे बंद." मागे उभा ड्रायव्हर मान हलवत होता, पण ती मान मी आधीही हललेली बघितली आहे. शॅकलला पॉलियुरेथेन टाकलं. तेल पडलं तरी त्याचं फारसं बिघडणार नाही.

लेथवाल्याचा रॉड

हा विषय टाळता येत नाही, कारण सोलापुरात ही सोय दारात आहे. मागांच्या भागांमुळे नायलॉन, टेफ्लॉन, पॉलियुरेथेन कातणारे हात इथे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले आहेत, आणि लेथवाल्याने नमुन्यादाखल कातून आणलेला बुश मापाला चोख होता. तरी मी तो नाकारला. रॉडवर कडकपणा लिहिलेला नव्हता. पॉलियुरेथेनच्या दोन मोठ्या जाती आहेत. त्यातली पॉलिएस्टर जात दमट हवेत आणि पाण्यात कालांतराने भुसभुशीत होते, पॉलिईथर टिकते. हातातल्या रॉडची जात डोळ्यांनी ओळखता येत नाही. आणि रॉडमधून कातलेल्या बुशला ग्रीस धरून ठेवणाऱ्या खाचा नव्हत्या.

पण त्याच्या हाताचा उपयोग दुसरीकडे झाला. बुश ओढून बसवायला पायऱ्यांचे जाड वॉशर आणि एक कप लागतो. कपचा आतला व्यास बुशपेक्षा किंचित मोठा, म्हणजे बुश पट्टीच्या पलीकडे थोडा बाहेर येऊ शकतो. तो सेट त्याने पोलादातून कातून दिला. तकलादू सॉकेटशी झटापट करण्यापेक्षा हे शंभरपट बरं.

बसवताना

इंग्लंडहून भाग मागवले. बुशपेक्षा कुरियर आणि कस्टम महाग पडलं, म्हणून पिव्होट, पॅड, पाटा अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट सगळं एकाच खोक्यात आणलं. रबरी भाग घेताना ते किती वर्षं दुकानात पडून आहेत हे विचारावं. गॅरेजमध्ये आल्यावरही वेल्डिंगच्या जागेपासून लांब ठेवावेत. वेल्डिंगच्या आर्कमुळे तयार होणारा ओझोन रबराला तडे पाडतो.

स्प्रिंगच्या बाबतीत घाई करणाऱ्याने हे काम हातात घेऊ नये. गाडीची बॉडी घोडीवर (स्टँडवर), स्प्रिंगच्या ताटलीखाली ट्रॉली जॅक, किंगपिनचा खालचा बोल्ट काढायचा आणि जॅक अगदी सावकाश उतरवायचा. समोर कोणी उभं राहायचं नाही. हब तारेने वर बांधून ठेवला, नाहीतर सगळं वजन ब्रेकच्या होजवर येतं.

नवीन बुश साबणाच्या पाण्याने भिजवून ओढले. ग्रीस नाही, ऑइल तर नाहीच. साबणपाणी वाळून जातं आणि रबर जागेवर पकड घेतं. मागच्या पाट्याच्या डोळ्यातला जुना सायलेंट ब्लॉक गंजून एकजीव झाला होता. गॅरेजमधल्या पोराने सवयीप्रमाणे गॅसची बत्ती उचलली. ती खाली ठेवायला लावली. तापवल्याने पाट्याच्या पोलादाचं पाणी उतरतं, आणि जळक्या रबराचा धूर छातीत भरतो. रबर ड्रिलने पोखरून काढलं, भोकातून हॅक्सॉचं पातं घालून बाहेरच्या नळीला आतून एक उभी चीर पाडली, मग नळी छिन्नीच्या दोन टोल्यांत आत दुमडली. चीर नळीतच थांबवायची, डोळ्यावर खूण उठता कामा नये. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही.

सगळं जोडलं, पण बुशचे एकूण एक नट बोटाने लावल्याएवढेच. गाडी खाली उतरवली. चाकं खाली टेकताना टायर आडवे ताणले जातात आणि सस्पेन्शन खरी उंची घेत नाही, म्हणून गाडी पाच-सात फूट पुढे-मागे ढकलली आणि बंपर दाबून सोडला. रोडस्टरमध्ये दोन माणसं बसतात, तेव्हा दोघांचं वजन धरून नट आवळावेत असं माझं मत. खड्ड्यात मी आणि वर सीटवर कोणी तासभर बसायला तयार नाही. अण्णांनी कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे मागवले, वजनकाट्यावर सत्तर-सत्तर किलो करून दोन्ही सीटवर ठेवले. टाकी अर्धी. मग खड्ड्यातून सगळे नट आवळले. कॅसल नटाला (पिनसाठी खाचा असलेल्या नटाला) पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे फिरवायचा नाही, थोडा पुढेच न्यायचा. पॉलियुरेथेनच्या बुशांना ही अट नाही, ते कुठल्याही स्थितीत आवळले तरी चालतात, पण सिलिकॉनचं ग्रीस मात्र आधी भरपूर लावलेलं हवं. शॅकलचे त्या ग्रीसशिवाय पहिल्याच आठवड्यात कुरकुरले असते.

या गाडीत कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कल) जुळवायची सोय नाही. कॅस्टर सात अंश ठरलेला, तो बुश ताठ असले की आपोआप जागेवर राहतो. जुळवायचा तो फक्त टो, म्हणजे पुढची चाकं पुढून किती आत वळलेली आहेत ते. पुस्तकातलं माप 1/16 ते 3/32 इंच आत, म्हणजे सुमारे 1.6 ते 2.4 मिलिमीटर. कॉम्प्युटरच्या अलाइनमेंट मशीनमध्ये ही गाडी निघाली नाही. माप हाताने घालून काम झालं.

अण्णांची एक शंका कागदपत्रांची होती. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण ती मूळ स्वरूपात असावी लागते. बुश बदलल्याने अडचण येईल का? तो नियम चेसिस, बॉडी आणि इंजिनातल्या मोठ्या बदलांबद्दल आहे. झिजणारं रबर कधी ना कधी बदलावंच लागतं. जुने बुश आणि बिलं एका डब्यात जपून ठेवायला सांगितली, एवढंच.

नंतर

गाडीचं नाक दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर बसलं. होटगी रोडच्या स्पीडब्रेकरवरची ठक्‌ठक गेली. मोकळ्या रस्त्यावर साठवरून हात सैल ठेवून ब्रेक दाबला तर गाडी सरळ थांबते. तुळजापूरच्या घाटात उतरताना अण्णांना पहिल्यांदा जाणवलं की वळणाच्या मधोमध स्टिअरिंग पुन्हा सावरावं लागत नाही. खरखरीत डांबरावर आवाज आधीपेक्षा थोडा जास्त येतो. तो अँटिरोल बारच्या पॉलियुरेथेनचा असावा आणि तेवढा मला मंजूर आहे. अण्णांना ऐकूच येत नाही, कारण छत उघडं असतं.

हजारेक किलोमीटरनंतर गाडी पुन्हा खड्ड्यावर घेतली. लोअर आर्मचे बुश कडेला कुठे बाहेर आलेले नाहीत, नवे बुश बसवल्यानंतरच्या उंचीपेक्षा गाडी दोन मिलिमीटर उतरली आहे, ते अपेक्षितच. यू-बोल्टचे नट एकेक चतकोर फिरले, कारण नवीन पॅड दबतात. पाट्यांवर ताजं जळकं ऑइल होतं. ड्रायव्हर म्हणाला, "ह्यावेळी नुसतं पाट्यालाच मारायला सांगितलं होतं साहेब." शॅकलचे बुश पुसून बघितले, ठणठणीत होते. पुढच्या डोळ्यातल्या सायलेंट ब्लॉकपर्यंत फवारा पोचला होता, तो रॉकेलही न लावता साबणपाण्याने धुतला, आणि सर्व्हिस स्टेशनवाल्याला मी स्वतः फोन केला.

एक आवाज उरला आहे. मागून उजवीकडे, एक चाक खड्ड्यात गेलं की हलका टक्क. शॉकअबला अॅक्सलशी जोडणाऱ्या लिंकचं रबर गेलं आहे. हे रबर लिंकमध्येच ओतलेलं असतं, वेगळा बुश मिळत नाही, अख्खी लिंक बदलावी लागते. पहिल्या तपासणीत तिच्यात प्ले नव्हता. बाकीचं ताठ झाल्यावर तिच्यावर भार आला असावा. दोन्ही बाजूंच्या लिंका मागवल्या आहेत. त्या बसवतानाही नट गाडी चाकांवर असतानाच आवळायचे, हे पोराने खड्ड्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलं आहे.